साध्या पत्र्याच्या खुर्चीत एवढं काय आहे? युद्धानंतरचं फ्रेंच फर्निचर आणि चित्रं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका मुलाने विचारलंय की ताई, पॅरिसच्या गॅलऱ्यांचे फोटो बघितले की कायम तेच दिसतं, फ्रेंच डिझायनर झाँ प्रूव्हेची शाळेत असते तसली पत्र्याची खुर्ची, शेजारी त्याच काळातल्या शार्लोत पेरियाँ या डिझायनरचं बुकशेल्फ आणि मागे भिंतीवर काळं नाहीतर मातकट ॲब्स्ट्रॅक्ट पेंटिंग. ही जोडी खरी आहे की डीलर लोकांनी लावलेली? त्या खुर्चीला एवढे पैसे का पडतात? आणि ओळखीच्या एकांना कुणीतरी चंदीगडची जानरे खुर्ची (पिएर जानरे या आर्किटेक्टने तिथल्या सरकारी ऑफिसांसाठी केलेली) देऊ करतंय, ती खरी आहे हे कसं बघायचं?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत म्हणून जरा लांब लिहिते. मी फर्निचर रिस्टोरेशनचं काम करते, लोखंड आणि लाकूड दोन्ही, बरीच वर्षं फ्रान्समध्येच, आणि या काळातल्या वस्तू माझ्या टेबलावर नेहमी येतात, त्यामुळे मी जे सांगणार ते स्टाइलच्या अंगाने कमी आणि वस्तू कशी बनलीय या अंगाने जास्त असणार.

खुर्चीपासूनच सुरू करू. प्रूव्हेची ती खुर्ची म्हणजे स्टँडर्ड, पहिली १९३४ ची, नंबर ४, आणि युद्धानंतर जी सगळीकडे गेली ती साधारण १९५० ची, नंबर ३०५. ती कधी हातात मिळाली तर सरळ उलटी करून टेबलावर ठेव आणि चारही पाय एकत्र बघ. पुढचे दोन पाय म्हणजे नुसता गोल पाइप, बाकी काही नाही. मागचे दोन पाय मात्र पत्रा दुमडून कडेने वेल्ड केलेले, आतून पोकळ, आणि बाजूने बघितलं तर सीटच्या जोडाशी सगळ्यात रुंद, तिथून खाली जमिनीकडे निमुळते आणि वर पाठीकडेही निमुळते. का? तर माणूस बसतो आणि मागे रेलतो तेव्हा सगळा जोर मागच्या पायावर येतो, आणि त्यातही सीट जिथे पायाला मिळते त्या जागी सगळ्यात जास्त. मग जिथे जोर तिथे जास्त मटेरियल, जिथे नाही तिथे पाइप पुरे. तुम्हाला स्ट्रक्चरच्या तासाला बेंडिंग मोमेंटचा जो डायग्राम काढायला लावतात ना, तो इथे पायाच्या आकारातच काढून ठेवलाय. त्याच सुमाराला जर्मनीत एकच पाइप वाकवून अख्खी खुर्ची करायची फॅशन होती आणि त्या खुर्च्या सुंदर आहेत यात वाद नाही, पण त्यात पाइप सगळीकडे सारखाच जाड, जोर असो नसो. प्रूव्हेला ते पटत नव्हतं.

आता हा माणूस कोण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जन्म १९०१ चा, वाढला नान्सीत, वडील व्हिक्टर प्रूव्हे चित्रकार आणि नान्सीच्या आर्ट नुव्हो, म्हणजे वेलीफुलांसारख्या वळणदार शैलीच्या, मंडळींपैकी एक मोठं नाव. मुलगा मात्र शिकला लोहारकाम. आर्किटेक्टची डिग्री नाही, इंजिनिअरचीही नाही, भट्टी आणि ऐरण यांच्यापासून सुरुवात, १९२४ ला नान्सीत स्वतःचं वर्कशॉप, जाळ्या, दरवाजे, रेलिंग असली कामं. मग पत्रा दुमडायचं मशीन आलं आणि याच्या लक्षात आलं की पातळ पत्रा नुसता ठेवला तर लुळा, पण त्याला एक घडी घातली की तो ताठ उभा राहतो, आणि ही एकच गोष्ट त्याने आयुष्यभर वापरली, खुर्चीत, टेबलात, दरवाजात, भिंतीत, अख्ख्या घरात. म्हणून त्याचं टेबल बघितलं की त्याच्या इमारतीची आठवण येते आणि इमारत बघितली की टेबलाची, कारण दोन्हीकडे विचार एकच.

युद्ध आलं आणि लोखंड मिळेनासं झालं. इथे मला फार आवडणारी एक गोष्ट आहे: युद्धाच्या काळात त्याने हीच खुर्ची पूर्ण लाकडात केली, आणि लाकडातही मागचा पाय तसाच सीटपाशी रुंद ठेवला. म्हणजे आकार पत्र्यासाठी नव्हताच, जोरासाठी होता. त्या काळात वर्कशॉप चालू ठेवायला त्याने सायकली बनवल्या, मिळेल ते जाळता येईल अशी शेगडी बनवली. तो रेझिस्टन्समध्ये, म्हणजे जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीत होता आणि १९४४ ला नान्सी मुक्त झाल्यावर काही महिने शहराचा महापौरही झाला. त्याच सुमाराला पूर्व फ्रान्समध्ये, लोरेन भागात, ज्यांची घरं बॉम्बमध्ये गेली त्यांच्यासाठी त्याने सहा बाय सहा मीटरची सुटी करून नेता येणारी घरं केली, मध्ये पत्र्याची एक पोर्टल फ्रेम, म्हणजे छप्पर पेलणारी कमानीसारखी चौकट, बाकी लाकडी पॅनल, ट्रकने आणायची आणि चार माणसांनी दिवसभरात उभी करायची. आज ही घरं आर्ट फेअरमध्ये मांडलेली दिसतात आणि लोक आत वाईनचा ग्लास घेऊन फिरतात, तेव्हा मला दर वेळी वाटतं की निदान एक पाटी तरी लावा की इथे कोण राहणार होतं.

या सगळ्याला मी टंचाईचं डिझाइन म्हणते आणि माझं मुख्य म्हणणं हेच आहे. १९४४ नंतरचा फ्रान्स म्हणजे आपण पोस्टकार्डवर बघतो तो देश नव्हता, लाखो लोक बेघर, रेशन, कोळसा नाही, लोखंड नाही. सरकारने रीकन्स्ट्रक्शनचं वेगळं मंत्रालयच काढलं. ल हाव्र शहराचा मधला भाग सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बिंगमध्ये साफ झाला आणि तो ओग्यूस्त पेरे या आर्किटेक्टने नव्याने बांधला, सगळं शहर ६.२४ मीटरच्या ग्रिडवर, आणि त्या फ्लॅटमध्ये काय ठेवायचं हाही प्रश्न होताच, कारण लोकांकडे पलंगसुद्धा उरला नव्हता. रने गाब्रिएल आणि मार्सेल गास्क्वँ या दोघांनी त्यासाठी ओकची साधी, मापात बसणारी, कमी लाकडात होणारी कपाटं, पलंग, टेबलं केली. यांना आज कोणी कोटी देत नाही आणि गॅलऱ्यांच्या फोटोत हे फारसे दिसतही नाहीत, पण माझ्या मते त्या काळाचं खरं फर्निचर यांचंच. गास्क्वँने घरातल्या वस्तू मोजून कपाटाची खोली ठरवली, चादरी किती, ताटं किती, शर्ट घडी घालून किती रुंद. आपल्याकडे मॉड्युलर किचनवाले आज जे विकतात त्याचा विचार तिथे सत्तर वर्षांपूर्वी झालेला आहे आणि जास्त प्रामाणिकपणे झालेला आहे.

पेरियाँकडे येते, कारण तिच्याबद्दल लोक अजूनही अर्धवट बोलतात. १९०३ चा जन्म, १९२७ ला ती प्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात लागली आणि ती प्रसिद्ध शेज लाँग (पाय लांब करून पडायची खुर्ची) वगैरे जे फर्निचर आहे त्यात तिचा आणि पिएर जानरेचा हात पूर्ण होता, पण वर्षानुवर्षं नाव एकाचंच चाललं. १९३७ ला ती तिथून बाहेर पडली, १९४० ला जपान सरकारच्या बोलावण्यावरून तिकडे गेली, निर्यातीच्या वस्तूंबद्दल सल्ला द्यायला, मग युद्धामुळे इंडोचायनात अडकली आणि १९४६ ला परतली. जपानमध्ये तिने जे बघितलं, बांबू, सरकणारी दारं, रिकाम्या जागेचा मान, ते तिच्या नंतरच्या सगळ्या कामात दिसतं, पण त्याच्याइतकंच सॅव्हॉयच्या डोंगरातल्या धनगरांचं स्टूलही दिसतं. तिला डोंगर चढायचं वेड होतं आणि जाड लाकडाचं, तीन पायांचं, हाताने केलेलं स्टूल तिला मनापासून आवडायचं. म्हणून प्रूव्हे आणि पेरियाँ एकत्र ठेवले की चांगले दिसतात, एकाचा पत्रा, दुसरीचं लाकूड.

त्या दोघांची एकत्र वस्तू बघायची तर १९५२ ची बुकशेल्फं. पॅरिसच्या दक्षिणेला सिते युनिव्हर्सितेर म्हणून विद्यार्थ्यांची मोठी वसाहत आहे, वेगवेगळ्या देशांची हॉस्टेलं, त्यात ट्युनिशियाचं आणि मेक्सिकोचं हॉस्टेल, या दोन्हींच्या खोल्यांसाठी पेरियाँने शेल्फ काढलं आणि प्रूव्हेच्या कारखान्यात ते बनलं. लाकडाच्या सरळ लांब फळ्या, त्यांच्यामध्ये वाकवलेल्या पत्र्याचे ठोकळे, आणि काही कप्प्यांना सरकणारी ॲल्युमिनियमची दारं. रंगांच्या निवडीत चित्रकार सोनिया दलोने होती, म्हणजे भिंतीवरची चित्रकार सरळ हॉस्टेलच्या कपाटात आली. असं एक दार मी स्वच्छ करायला घेतलं होतं ते सांगते. जवळून बघितलं तर पत्रा इतका पातळ की हातात धरला तर थरथरतो, पण त्याच्यावर ओळीने छोटे छोटे टोकदार उठाव दाबलेत, आणि तेवढ्याने तो ताठ होतो. लोक त्याला टेक्स्चर समजतात, डेकोरेशन समजतात. ते डेकोरेशन नाही, पत्रा वाचवण्याचा उपाय आहे. दाराची खालची कड जिथे खाचेतून सरकते तिथे रंग घासून गेलेला होता आणि आत पांढुरकं ॲल्युमिनियम दिसत होतं, कारण रोज कोणीतरी ते दार उघडत होतं, पुस्तकं काढत होतं. ती झीज मी ठेवली, मालकाला ती झाकायची होती पण समजावल्यावर तयार झाला.

मेक्सिकोच्या हॉस्टेलमध्ये हे शेल्फ खोलीचं पार्टिशनही होतं, एका बाजूला झोपायचं आणि अभ्यासाचं, दुसऱ्या बाजूला अंघोळीचं. एका फर्निचरमध्ये भिंतीचं काम. तू आर्किटेक्चर शिकतोयस म्हणून सांगते, याचा प्लॅन शोधून बघ, एवढ्याशा जागेत विद्यार्थ्याला माणसासारखं राहता यावं यासाठी किती डोकं लावलंय ते कळेल.

प्रूव्हेच्या कारखान्याची गोष्ट दुःखाची आहे आणि ती थोडक्यात सांगते. १९४७ ला नान्सीजवळ माक्सेव्हिलला मोठा कारखाना, डिझाइन करणारे आणि बनवणारे एकाच छताखाली, सकाळी काढलेलं ड्रॉइंग लगेच पत्र्यात करून बघायचं. पैसा कमी पडला, ॲल्युमिनियम कंपनी भागीदार झाली, मग मोठ्या ऑर्डर, मोठं मॅनेजमेंट, ड्रॉइंग ऑफिस एकीकडे आणि कामगार दुसरीकडे, आणि १९५३ ला त्याला स्वतःच्याच कारखान्यातून बाहेर पडावं लागलं. पुढच्या वर्षी त्याने नान्सीत डोंगरउतारावर स्वतःचं घर बांधलं, ज्या जागेवर बाकीचे बांधकाम करायला तयार नव्हते अशी चढाची जागा, आणि कारखान्यात उरलेल्या पॅनलमधून, घरच्या माणसांना आणि मित्रांना हाताशी घेऊन. त्यानंतर १९५६ मध्ये स्तेफ सिमाँ नावाच्या माणसाने पॅरिसला बुलव्हार सँ-जर्मँवर दुकान काढलं, तिथे प्रूव्हे, पेरियाँ, सर्ज मूईचे काळे दिवे, नोगुचीचे कागदी दिवे, जॉर्ज जूव्हची सिरॅमिक्स असं एकत्र मिळायचं. आज गॅलऱ्यांमध्ये जी मांडणी तुला दिसते ती बऱ्यापैकी या दुकानातून आलीय.

आता चित्रांकडे. जोडी खरी आहे का, तर अर्धी खरी आहे. आधी खरी बाजू सांगते.

पॅरिसला प्लास व्हाँदोमवर रने द्रुआँची गॅलरी होती. ती १९३९ ला द्रुआँ आणि लिओ कॅस्टेली यांनी सुरू केली, हो तोच कॅस्टेली जो पुढे न्यूयॉर्कमध्ये एवढा मोठा गॅलरीवाला झाला, आणि सुरुवातीला तिथे फर्निचर होतं, द्रुआँ स्वतः डेकोरेटर होता. युद्धात कॅस्टेली अमेरिकेला गेला, द्रुआँ राहिला, आणि याच गॅलरीत १९४५ मध्ये चित्रकार झाँ फोत्रिएची ओलिसांची चित्रं लागली, आणि पुढच्या वर्षी दुसरा चित्रकार झाँ द्युब्युफे याची ती जाड, डांबर आणि वाळू आणि खडी घातलेली चित्रं, ज्यांनी पॅरिसचे लोक चिडले. फोत्रिए युद्धात पॅरिसच्या दक्षिणेला शातने-मालाब्रीत लपून होता आणि जवळच्या जंगलात जर्मन सैनिक कैद्यांना गोळ्या घालायचे ते आवाज त्याच्यापर्यंत यायचे. त्यातून ती चित्रं आली. कॅनव्हासवर कागद चिकटवायचा, त्यावर खडूची पांढरी लगदी थरावर थर द्यायची, घराच्या भिंतीला गिलावा करतात तशी, आणि वर रंगाची पूड. चेहरा ओळखू येत नाही, पण जखम झालेलं काहीतरी समोर आहे एवढं नक्की कळतं. आणि लक्षात घे, शातने-मालाब्रीला लागून अँतोनी आहे, जिथे १९५५ ला विद्यार्थ्यांची प्रचंड मोठी वसाहत उभी राहिली आणि प्रूव्हेची अँतोनी खुर्ची तिच्यासाठीच झाली. दहा वर्षांचं अंतर, जागा जवळजवळ तीच. नकाशावर हे बघितल्यापासून मी ती खुर्ची आणि ती चित्रं वेगळी करू शकत नाही.

पण माझ्या कामाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे चित्रकार पिएर सूलाज. १९४७ च्या आसपास त्याने कागदावर जी चित्रं केली ती ब्रू द न्वाने, म्हणजे अक्रोडाच्या हिरव्या सालीपासून काढलेला तपकिरी रंग. हा चित्रकाराचा रंगच नाही, तो सुतारांचा रंग आहे, हलकं लाकूड गडद करायला आम्ही तो रोज वापरतो, माझ्या शेल्फवर बाटली आहे. पाण्यात पातळ केला तर चहासारखा नितळ, घट्ट घेतला तर काळ्याच्या जवळ, आणि ब्रश थांबला की तिथे थारोळं होऊन सुकताना कडेला गडद रेघ सोडतो. लाकडावर काम करताना ती रेघ येऊ नये म्हणून आम्ही आटापिटा करतो, ओल्या कडेवरच पुढचा हात मारतो. सूलाजने ती येऊ दिली. शिवाय ब्रश घ्यायचा तो घर रंगवणाऱ्यांचा रुंद ब्रश. रंग स्वस्त होता, मिळत होता, आणि त्याला तो खरोखर हवा होता. १९४८ ला जर्मनीतल्या शहरांमध्ये फ्रेंच ॲब्स्ट्रॅक्ट चित्रांचं प्रदर्शन फिरलं तेव्हा पोस्टरवर त्याचंच ब्रू द न्वाचं काम घेतलं होतं, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. म्हणून भिंतीवर सूलाज आणि खाली पेरियाँचं जाड लाकडाचं टेबल असं दिसलं तर ती जोडी मला मान्य आहे, दोघांच्या मागे एकच वर्कशॉप आहे.

अजून खरे धागे आहेत. अमेरिकन शिल्पकार काल्डर आणि प्रूव्हे मित्र, युनेस्कोच्या पॅरिसमधल्या मुख्यालयात १९५८ चं काल्डरचं स्पिराल नावाचं मोबाइल, म्हणजे हवेने हलणारं शिल्प, उभं आहे त्याचा खालचा स्टीलचा पाया प्रूव्हेने केलेला, वर हलणारं काल्डरचं आणि खाली जोर घेणारं प्रूव्हेचं. पेरियाँने १९५५ ला टोकियोत एक प्रदर्शन केलं त्यात चित्रकार लेजे, ल कॉर्ब्युझिए आणि ती स्वतः, चित्रं, टॅपेस्ट्री, फर्निचर सगळं एकाच हॉलमध्ये, विषयच कलांचा मेळ असा. आणि मुंबईच्या जेजेमधून आलेला सैयद हैदर रझा १९५० ला स्कॉलरशिपवर पॅरिसला आला तो याच शहरात, हीच चित्रं भिंतींवर असताना. त्याच्या १९५० च्या दशकातल्या फ्रेंच गावांच्या चित्रांमध्ये रंग जो चाकूने जाड बसवलेला दिसतो तो त्या हवेतला आहे, आणि १९५६ ला त्याला प्री द ला क्रितिक, म्हणजे समीक्षकांचं बक्षीस, मिळालं, फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला पहिल्यांदाच. त्याच्या प्रसिद्ध बिंदूच्या चित्रांपलीकडचा रझा बघायचा असेल तर ती चित्रं नक्की बघ.

आता खोटी बाजू. त्या काळात फोत्रिए विकत घेणारा माणूस आणि अँतोनीच्या खुर्चीवर बसणारा माणूस एक नव्हते. चित्रं सधन लोकांच्या घरी गेली, आणि त्या घरांमध्ये बहुतेक वेळा जुनं, लुई नावाच्या राजांच्या काळातलं फर्निचर नाहीतर झाँ र्वायेर या डेकोरेटरचे गुबगुबीत सोफे होते. प्रूव्हेच्या खुर्च्या हॉस्टेलमध्ये, कॅन्टीनमध्ये, शाळेत, सरकारी ऑफिसात. दोन्ही एका खोलीत आल्या त्या १९८० नंतर, जेव्हा पॅरिसच्या काही डीलरनी हॉस्टेलं आणि शाळा जुनं सामान फेकायला लागल्यावर ते उचललं, दुरुस्त केलं, त्यावर अभ्यास केला, पुस्तकं काढली आणि चित्रांच्या शेजारी मांडलं. यात त्यांचं श्रेय खरंच मोठं आहे, नाहीतर हे सगळं भंगारात वितळलं असतं, मी ते नाकारत नाही. पण शाळेची खुर्ची जेव्हा शिल्प म्हणून उजेडात ठेवली जाते तेव्हा तिच्यातली अर्धी गोष्ट जाते, आणि किंमत याच मांडणीतून येते. संख्या मर्यादित, कारण बरंच भंगारात गेलं, नवीन होणार नाही, आणि मागणारे जगभर. प्रूव्हेचं मेझाँ त्रोपिकाल (उष्ण प्रदेशातलं घर) याचं टोकाचं उदाहरण आहे: १९४९ ला आफ्रिकेत नीआमे आणि १९५१ ला ब्राझाव्हिल इथे पाठवलेली ॲल्युमिनियमची घरं, फ्रेंच वसाहतींसाठी, दुहेरी छप्पर, उन्हासाठी फिरणाऱ्या पट्ट्या. तिकडे ती महाग पडली आणि लोकांना आवडलीही नाहीत, तीनच झाली. २००० च्या सुमाराला एका डीलरने ती आफ्रिकेतून परत आणली आणि २००७ ला त्यातलं एक न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास पन्नास लाख डॉलरला गेलं. गरजूंसाठी कारखान्यात घर बनवायचं हे ज्या माणसाचं स्वप्न होतं त्याच्या घराची ही किंमत, आणि तो स्वतः १९८४ ला गेला तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं.

इथून चंदीगडला सरळ रस्ता जातो. पिएर जानरे म्हणजे ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ, पेरियाँ आणि प्रूव्हेबरोबर युद्धाच्या आधी आणि युद्धात काम केलेला, १९५१ ला चंदीगडला आला आणि १९६५ पर्यंत राहिला. त्याच्या अस्थी सुखना तलावात सोडल्या आहेत. त्याने आणि युली चौधरींसारख्या इथल्या आर्किटेक्ट्सनी सेक्रेटरिएट, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी यांच्यासाठी सागवान आणि वेताचं फर्निचर केलं, आणि त्या व्ही आकाराच्या पायांकडे बघ, प्रूव्हेच्या टेबलांचे पाय आठवतील, विचार एकच की जोर कुठून कुठे जातो ते दिसू दे, फक्त इथे पत्र्याऐवजी सागवान कारण इथे तेच होतं आणि सुतारही होते. ते इथल्या वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये बनलं. मग नव्वदीपासून सरकारी ऑफिसांनी ते कंडेम करून लिलावात काढलं, गच्चीवर ढीग लागले, पॅरिसच्या डीलरनी ते घेतलं, आणि कायद्याने ते थांबवताही येत नव्हतं कारण आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांच्या वस्तूंना लागतो. २०११ ला गृहमंत्रालयाने चंदीगडच्या हेरिटेज फर्निचरची विक्री आणि निर्यात थांबवायचा आदेश काढला, तोवर बरंच गेलेलं होतं. ज्या देशाने ते बनवलं तिथल्या क्लार्कच्या टेबलामागे ते राहायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या ओळखीच्यांसाठी, आता नीट वाचायला सांग. पाठीमागे पांढऱ्या रंगात स्टेन्सिलची अक्षरं असतात, कुठल्या खात्याची खुर्ची ते, आणि विकणारा पहिल्यांदा तीच दाखवतो. त्यांच्यावर अजिबात जाऊ नका, अक्षरं कुणीही रंगवू शकतं. मापात थोडा फरक असेल तर घाबरू नका, वेगवेगळ्या सुतारांनी बनवलंय, फरक असणारच, उलट दहा खुर्च्या अगदी तंतोतंत सारख्या असतील तर मला शंका येते. वेत नवा असेल तरी हरकत नाही, वेत तुटतोच. बघायचं ते असं: हाताच्या दांड्याची पुढची कड आणि खालची बाजू, जिथे बोटं रोज लागतात, तिथे गोलाई आणि काळपट मेण बसलेलं असतं आणि ते एकसारखं नसतं, उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. पायांची टोकं, फरशी धुताना पाणी लागून कुजलेली, कधी थोडी कापलेली. सीटच्या फ्रेमच्या आतल्या बाजूला वेताची जुनी भोकं, एकावर एक पडलेली. जोडांमधलं लाकूड उन्हापासून वाचलेलं असतं म्हणून रंग वेगळा. नवीन लाकडाला रसायन लावून काळं केलेलं असेल तर काळेपणा जोडाच्या आतपर्यंत सारखाच जातो. आणि कागद: कुठल्या लिलावातून, लॉट नंबर काय, पावती कुठे आहे. २०११ नंतर सरकारी जागेतून बाहेर आली असेल तर कितीही खरी असली तरी घेऊ नका.

प्रूव्हेच्या लोखंडी खुर्चीचं वेगळं आहे. तिथे सगळं रंगात असतं. मूळ रंग कारखान्यात लावलेला, पातळ, आणि वर हॉस्टेलवाल्यांनी वर्षानुवर्षं मारलेले थर, हिरवा, करडा, क्रीम. एका मालकाने घाईने सगळी खुर्ची सँडब्लास्ट करून नवीन पावडर कोटिंग मारून आणली होती, चकाचक, आणि मला विचारलं आता किंमत किती. मूळ रंग फक्त सीटच्या खाली, प्लाय जिथे लोखंडाला टेकते तेवढ्याच पट्टीत उरला होता. ती खुर्ची खरी होती आणि तरीही तिची ओळख त्याने स्वतःच्या हाताने पुसली होती. म्हणून जुनं काही सापडलं तर आधी कोरड्या कापडाने पुसा आणि थांबा. आणि तुला नुसती रोज बसायला हवी असेल तर व्हिट्रा कंपनी २००२ पासून प्रूव्हेच्या घरच्यांच्या संमतीने नवीन बनवते, पेरियाँचं फर्निचर कासिना बनवते, ते प्रामाणिक मार्ग आहेत. बाजारातल्या बिननावाच्या कॉपीत मागचा पाय बहुतेक वेळा आतून बारीक केलेला असतो, म्हणजे जे या खुर्चीचं कारण आहे तेच काढून टाकलेलं.

बघायचं कुठे? पाँपिदू सेंटर हे आधुनिक कलेचं म्युझियम दुरुस्तीसाठी २०३० पर्यंत बंद आहे, जाता जाता सांगते की ती इमारत निवडणाऱ्या १९७१ च्या ज्यूरीचा अध्यक्ष प्रूव्हेच होता. पॅरिसमध्ये रिव्होली रस्त्यावरचं डेकोरेटिव्ह आर्ट्सचं म्युझियम, आणि त्रोकादेरोला आर्किटेक्चरच्या म्युझियममध्ये मार्सेच्या युनिते द'हाबितासिओँचा, म्हणजे ल कॉर्ब्युझिएच्या प्रचंड फ्लॅटवाल्या इमारतीचा, एक फ्लॅट खऱ्या मापात बांधलेला आहे, पेरियाँचं किचन त्यात उभं राहून बघता येतं, हात लांब करून बघ, सगळं पोचतं. वेळ असेल तर मार्सेला प्रत्यक्ष बिल्डिंगमध्ये हॉटेल आहे तिथे रात्र काढ. ल हाव्रला पेरेचा सॅम्पल फ्लॅट आहे, गाब्रिएल आणि गास्क्वँच्या फर्निचरने सजवलेला, गाइडबरोबरच आत सोडतात आणि पॅरिसहून ट्रेनने एका दिवसात होतं. सूलाजसाठी दक्षिणेला रोदेझ, त्याच्या गावचं म्युझियम, ब्रू द न्वाची कामं एवढी एकत्र दुसरीकडे मिळणार नाहीत. आणि नान्सीला प्रूव्हेचं घर, शहराच्या ताब्यात आहे, उन्हाळ्यात ठराविक दिवशीच उघडतं, तेव्हा आधी नान्सीच्या म्युझियमकडून तारखा पक्क्या कर आणि मगच ट्रेनचं तिकीट काढ.